ब्रश तोंडात घालायचा नाही

शाळेच्या मागच्या बाजूला, जिथे वर्षानुवर्षं मोडके बाक आणि तुटक्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असत, त्या खोलीत यंदा चित्रकलेचा वर्ग सुरू झाला. खोली झाडून, भिंतींना चुना देऊन, खिडकीच्या काचा घासून झाल्या, तरी जुन्या लाकडाचा वास काही गेला नव्हता. नव्याने आलेल्या चित्रकलेच्या बाईंना त्याचं काही वाटलं नाही. आपल्याला स्वतःची खोली मिळाली याचंच त्यांना इतकं अप्रूप, की पहिल्या दिवशी त्या शिपायाच्याही आधी येऊन दारात उभ्या होत्या.

मुख्याध्यापकांच्या मते चित्रकला म्हणजे गणिताचे सर रजेवर गेले की पोरांना गप्प बसवायचा उपाय. बाईंनी ते मत हसून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी एक लांबरुंद फळी आणून तिच्यावर वर्गाचे नियम स्वतःच्या हाताने रंगवले. वर्गात येताना अंगावर जुना सदरा चढवायचा. रंग सांडला तर सांडणाऱ्याने पुसायचा आणि शेजाऱ्याने मदत करायची. दुसऱ्याच्या चित्राला हसायचं नाही. ब्रश पाण्यात उभा सोडायचा नाही, त्याचे केस वाकतात. चित्र फसलं तरी खाली आपलं नाव घालायचंच. शेवटी थोडी जागा उरली, म्हणून त्यांनी आणखी एक ओळ रंगवली: ब्रश तोंडात घालायचा नाही.

ती ओळ लिहिताना बाईंच्या मनात फारसं काही नव्हतं. लहान मुलं हाताला लागेल ते तोंडात घालतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"मग दात कशाने घासायचे, बाई?" मागून एकाने विचारलं आणि सगळा वर्ग खिदळला. बाईही हसल्या. खिडकीजवळच्या बाकावर बसलेली एक किडकिडीत मुलगी मात्र हसली नाही. तिने फळीवरची शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली, ओठ आत दुमडून घेतले आणि मान खाली घातली. तिला घरी, गल्लीत आणि आता शाळेतही बारकी म्हणत.

अर्धा वर्ग बाहुल्यांच्या गल्लीतून येई. बारकीही तिथलीच. त्या गल्लीत घरटी मातीच्या बाहुल्या होतात. पुरुष माती मळतात, साच्यात घालतात, भट्टी लावतात. बायका केस चिकटवतात, कपडे शिवतात. डोळे मात्र मुली काढतात, आणि खरा मान त्या डोळ्यांचा. या गल्लीतल्या बाहुलीच्या पापणीचा एकेक केस सुटा दिसतो, इतकी बारीक रेघ दुसरीकडे कुठे निघत नाही, असं व्यापारी सांगतात. गिऱ्हाईकही बाहुली उचलली की आधी तिचे डोळे बघतं.

ती रेघ निघते कशी, हे गिऱ्हाईक विचारत नाही. ब्रश सफेद्यात, म्हणजे पांढऱ्या रंगात, बुडवायचा, ओठांत धरून जरा फिरवायचा, की त्याला सुईसारखं टोक येतं. डोळ्याचं पांढरं भरून झालं की काळा रंग, पुन्हा ओठ, पुन्हा एक केस. एका पापणीला किती वेळा ब्रश तोंडात जातो, ते मुली मोजत नाहीत. सफेदा जिभेला गोडसर लागतो, म्हणून लहान मुलींना तर ते काम खेळासारखं वाटतं. पोरगी हाताने जरा स्थिर झाली की तिला 'डोळ्यांवर बसवतात'. गल्लीत हा शब्द कौतुकाने वापरला जातो. आमची धाकटी डोळ्यांवर बसली, असं आई शेजारणीला सांगते, तेव्हा तिचा चेहरा फुललेला असतो.

पुढे काय होतं, त्यालाही गल्लीने एक शब्द काढून ठेवला आहे. पुढे हात बसतो. आधी बोटं जड होतात, मग मनगट उचलत नाही, मग पंजा खाली लोंबतो. केस पिकले की जसं कोणी डॉक्टरकडे जात नाही, तसं हात बसला म्हणूनही कोणी जात नाही. बाईमाणसाचा हात बसायचाच, असं म्हणतात आणि तिच्या जागी दुसरी मुलगी बसवतात. या सगळ्यात एका तरी पुरुषाचा हात का बसत नाही, हा साधा प्रश्न एवढ्या मोठ्या गल्लीत कोणाला पडला नाही. किंवा पडला असेल आणि विचारायची हिंमत झाली नसेल. मला हे दुसरं खरं वाटतं.

बारकीच्या घरी आत्याचा हात बसला होता. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. एके काळी तिच्या डोळ्यांना सगळ्या बाजारात मागणी होती. लग्न ठरत आलं होतं, पाहुणे बसले होते, आणि पाण्याचा तांब्या पुढे करताना तिच्या हातून तो सुटला. पाहुण्यांनी हाताकडे पाहिलं, उठले आणि गेले. तेव्हापासून आत्या याच घरात आहे. डाव्या हाताने भांडी घासते, डाव्या हाताने केर काढते आणि उजवा हात मांडीवर ठेवून बसते. तिच्यानंतर डोळे काढायच्या चौरंगावर बारकीची ताई बसली.

आणि आता ताईची बोटं जड झाली होती.

हे फक्त बारकीला माहीत होतं. मागच्या खोलीत फळ्यांवर मातीची डोकी ओळीने मांडलेली असत. केस असलेली, गाल रंगवलेली, डोळ्यांच्या जागी नुसतं कोरं. बारकीला त्यांची आधीपासूनच भीती वाटे. सकाळी भट्टीजवळ बाबांची आणि चुलीजवळ आईची गडबड सुरू असताना दोघी बहिणी त्या खोलीत जात आणि दार लोटून घेत. चौरंगावर ताई बसे, पण ब्रश बारकीच्या हातात असे.

"लवकर कर," ताई दाराकडे बघत पुटपुटे. "आई आली तर ब्रश माझ्याकडे दे."

"ताई, तुझा हात दुखतो का गं?"

"दुखत नाही. दुखला असता तर बरं. आपला आहे असं वाटतच नाही. कोणाला सांगू नकोस हं."

"आईलाही नाही?"

"आईला तर नाहीच. आत्याकडे बघितलंस ना? मला तसं व्हायचं नाहीये, बारके." ताईचा आवाज इतका कापत होता, की बारकीने मुकाट्याने ब्रश ओठांत धरला आणि पुढच्या डोक्याला पापण्या काढायला घेतल्या. त्या दिवसांत तिचं पोट सारखं दुखे. भीतीने दुखतं असं तिला वाटे.

चित्रकलेच्या वर्गात बाईंनी एकदा प्रत्येकाला एकेक पिकलेलं पान दिलं आणि त्याच्या शिरा काढायला सांगितल्या. बारकीने ठरवून ठरवून ब्रश तोंडापासून लांब ठेवला होता. पण पानाच्या शिरा बारीक, त्यात ती रमली. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या तेव्हा तिचं चित्र पूर्ण होत आलं होतं आणि ब्रश ओठांत होता.

"अगं बाई! काय रेघ आहे ही!" बाई ओरडल्याच. "एवढी बारीक रेघ तर मलाही जमत नाही. कुठे शिकलीस?" मग त्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. "पण ब्रश तोंडात? नियम काय आहे आपला?"

बारकीचा चेहरा पांढराफटक पडला. आता वर्गातून काढतील, घरी बोलावणं जाईल, बाबा विचारतील की तुला ओठाने टोक काढता येतंच कसं, कोणाचं काम करतेस, आणि मग ताईचं सगळं बाहेर येईल. एवढं सगळं एका क्षणात तिच्या डोक्यातून गेलं आणि ती हुंदके द्यायला लागली.

"अगं, रडतेस काय वेडाबाई? कॉलेजात आम्हीही करायचो, आणि आमचे सर आम्हाला असेच ओरडायचे." बाईंनी एक जुनं फडकं घडी करून तिच्यासमोर ठेवलं. "ब्रश पाण्यात बुडव, या घडीवर तिरका ओढ आणि जरा फिरव. असं. येतं की टोक."

टोक आलं, पण ओठाने येई तसं नाही. बारकीची पुढची शीर जाड आणि वाकडी निघाली. तिने चोरून शेजारणीकडे पाहिलं. नियमाप्रमाणे शेजारीण हसली नाही. बाईंनी ते पान, अर्धं बारीक आणि अर्धं जाड, भिंतीवर लावलं आणि सगळ्या वर्गाला दाखवून बारीक अर्ध्याचं कौतुक केलं. पुढे कितीतरी दिवस त्यांना त्या कौतुकाची आठवण झाली की अन्न गोड लागत नसे.

सहामाहीच्या आधी बाईंनी पालकांना बोलावलं. चित्रकलेच्या वर्गात काय शिकवणार, मुलांकडून काय अपेक्षा आहे, घरून काय लागेल, हे नीट सांगावं असं त्यांच्या मनात होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, चित्रकलेच्या सभेला कोण येणार?" पण बाहुल्यांच्या गल्लीतून बऱ्याच बायका आल्या. रंग म्हटल्यावर त्यांना ते घरचंच काम वाटलं. बारकीची आई कामात होती, म्हणून तिने आत्याला पाठवलं.

बाईंनी नियमांची फळी वाचून दाखवली. जुन्या सदऱ्यावर बायकांनी माना डोलावल्या. नाव घालण्याचं त्यांना नवल वाटलं, कारण त्यांच्या बाहुल्यांखाली कोणाचंच नाव नसतं. "ब्रश तोंडात घालायचा नाही," हे बाईंनी वाचलं तेव्हा मात्र मागून हशा पिकला.

"बाई, मग आमच्या पोरी उपाशीच मरतील की!" एक जण म्हणाली आणि बाकीच्या आणखी हसल्या.

बाईंना विनोद कळला नाही. उन्हाची वेळ होती, म्हणून त्यांनी टेबलावर पाण्याचे पेले मांडले आणि सगळ्यांना घ्यायला सांगितलं. बायका उठल्या. पहिलीने डाव्या हाताने पेला उचलला. दुसरीनेही डाव्याच. तिसरीने दोन्ही तळव्यांत धरून, ओंजळीने घ्यावा तसा. बाई एकीकडून दुसरीकडे बघत गेल्या. पोक्त बायका होत्या, तरुण होत्या, एक तर कडेवर मूल घेऊन आलेली, आणि त्यांतल्या एकीनेही उजव्या हाताने पेला उचलला नव्हता. उजवे हात कपड्याच्या घडीत होते, पाठीमागे होते, अंगालगत लोंबत होते. भर दुपारी बाईंच्या अंगावर काटा आला.

सभा संपल्यावर आत्या पेले गोळा करायला थांबली. बाईंनी तिच्या लोंबणाऱ्या पंजाकडे बोट केलं आणि हळूच विचारलं, "हे कधीपासून?"

आत्या गोंधळली. तिच्या हातावर आजवर पुष्कळ बोललं गेलं होतं, पण विचारलं कोणीच नव्हतं. "बसला," ती म्हणाली. "आमच्यात बसतोच."

"डोळे काढायचात तुम्ही? बाहुल्यांचे? ओठाने टोक काढून?"

"मग कशाने काढणार?" आत्या म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर थबकली. तिने मान वळवून भिंतीवरची फळी पाहिली. शेवटच्या ओळीवर तिची नजर बराच वेळ राहिली. मग पेले टेबलावर तसेच ठेवून ती निघून गेली.

बाई त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरबाई तिथे नव्या नव्हत्या. गल्लीतल्या बायका पोटदुखीसाठी, अशक्तपणासाठी येत, त्या औषध देत आणि बायका परत जात. ब्रश, ओठ आणि सफेदा हे तीन शब्द एकत्र ऐकल्यावर त्या हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या.

"सफेद्यात शिसं असतं," त्या म्हणाल्या. "देवा! मी त्यांना ताकदीची बाटली देत होते. तुम्ही दिवसभर करता काय, हे मी एकीलाही विचारलं नाही."

"हात परत येतो का?"

"लवकर थांबलं तर येतो. मुलींचा तर येईलच. मोठ्यांचं सांगता येत नाही. हिरड्या बघा त्यांच्या. दातांच्या कडेने निळसर काळी रेघ दिसेल."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी बारकीला चित्रकलेच्या खोलीत बोलावलं आणि पर्समधला लहान आरसा तिच्या हातात दिला. खालचा ओठ ओढ म्हणाल्या. बारकीने ओढला. खालच्या दातांच्या मुळाशी हिरडीवर एक रेघ होती. अगदी बारीक, पापणीच्या केसाएवढी. तिने बोटाने पुसून पाहिली, ती गेली नाही.

बाईंनी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं. गल्लीतली माणसं मुलींना शाळेतून काढतील, मुख्याध्यापक हात वर करतील, आपली नोकरीही जाईल, हे सगळं त्यांना दिसत होतं. "आजपासून ब्रश तोंडात नाही," त्या म्हणाल्या. "घरीसुद्धा नाही. मी आणि डॉक्टरबाई उद्या तुझ्या घरी येतो. तोवर जमेल ना?"

बारकीने मान हलवली, पण तिच्या डोक्यात ताई होती. ती घरी गेली. ताई मागच्या खोलीत भिंतीला टेकून झोपली होती, तोंड जरासं उघडं. बारकी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि एका बोटाने तिचा ओठ हळूच खाली ओढला. ताईच्या हिरडीवरची रेघ बारीक नव्हती. बारकीने बोट काढून घेतलं आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. फळीवरची डोळे नसलेली डोकी तिच्याकडे तोंड करून बसली होती.

उद्या बाई येतील, या एका आशेवर तिने ती रात्र काढली. पण बाईंच्या आधी व्यापाऱ्याचा निरोप आला. माल संध्याकाळीच न्यायचा होता आणि डोळे व्हायचे होते. बाबा भट्टी सोडून स्वतः मागच्या खोलीत येऊन बसले. त्यांच्यासमोर बारकीला ब्रश घेता येईना आणि ताईला नाही म्हणता येईना.

ताईने ब्रश उचलला. तो काळ्या रंगापर्यंत पोचलाच नाही. तिचा पंजा मनगटातून खाली गळाला, वाटीला लागला आणि वाटी फळीवरून घरंगळली. नुकत्याच रंगवलेल्या डोक्यांवर, गालांवर, जमिनीवर काळा रंग पसरला. बारकी फडकं घेऊन धावली आणि पुसायला लागली. शेजाऱ्याने मदत करायची, हे तिच्या हातांना आता पाठ झालं होतं.

बाबांनी ताईचा हात उचलून धरला. सोडला. हात पडला.

आई दारात येऊन उभी होती. आई या गल्लीतली नव्हती, बाहेरून लग्न होऊन आलेली. तिचे हात धडधाकट होते, आणि ताईला चौरंगावर तिनेच बसवलं होतं. तिने तोंडाला हात लावला. आत्या भांडी तशीच टाकून तिच्या मागे आली.

बाबा दुष्ट माणूस नव्हते, हे सांगितलं पाहिजे. पोरींच्या आजारपणात त्यांनी जागून काढलेल्या रात्री आईला आठवत होत्या. त्यांनी ताईचा हात तिच्या मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाले, "जे व्हायचं ते होतंच. बारके, ये. बस इथे."

"तिची परीक्षा तरी होऊ द्या," आई म्हणाली.

"संध्याकाळी माल जायचाय. बारके, ऐकू येतंय ना?"

बारकी चौरंगावर बसली. चौरंग तिला मोठा पडत होता. तिने ब्रश उचलला, सफेद्यात बुडवला आणि समोरचं डोकं डाव्या हातात धरलं. सवयीने तिचे ओठ आपोआप उघडले. तेवढ्यात तिला ताईची हिरडी दिसली. ताई तर भिंतीला टेकून ओठ घट्ट मिटून रडत होती, तरी दिसली. बारकीला बाबांची भीती वाटत होती, आणि त्या रेघेचीही भीती वाटत होती, आणि दोन्ही भीतींना एकदम तोंड द्यायला तिच्याजवळ एवढंसं अंग होतं.

"ब्रश तोंडात घालायचा नाही," ती म्हणाली.

"काय?"

"ब्रश तोंडात घालायचा नाही." या वेळी आवाज फुटला. "सफेद्यात शिसं असतं. त्यानेच हात बसतो. ताईचा त्यानेच बसला. माझ्या हिरडीवर पण रेघ आलीये, बाबा. बाईंनी आरशात दाखवली."

"शाळेतले नियम शाळेत!" बाबांचा आवाज चढला. त्यांचा हात वर गेला आणि बारकीने डोळे मिटून घेतले, पण ब्रश तोंडाजवळ नेला नाही. "शाळेतल्या बाई येऊन जेवायला घालणार आहेत का? माझी आई डोळ्यांवर बसली, तुझी आत्या बसली. काही होत नाही!"

"काही होत नाही ना, दादा?"

आत्या पुढे आली होती. या घरात ती मोठ्याने कधी बोलत नसे. तिने डाव्या हाताने बारकीच्या बोटांतून ब्रश सोडवला, सफेद्यात पुन्हा बुडवला आणि भावापुढे धरला.

"मग तू घाल तोंडात."

"काहीतरीच काय? माझा हात जाड आहे. मला कुठे डोळे येतात?"

"डोळे काढ असं नाही म्हणत. नुसता ओठांत धर. आम्ही धरतो तसा. गोड लागतो." आत्याचा आवाज अगदी मऊ होता. "एकदाच धर. मग मी स्वतः या पोरीला बसवते. घे."

बाबांनी ब्रश घेतला. सगळ्यांच्या नजरा त्यांच्या हाताकडे होत्या. ब्रशच्या टोकाला सफेद्याचा थेंब जमला होता. त्यांनी ब्रश वर नेला, हनुवटीपर्यंत नेला. तिथे हात थांबला. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते. कपाळावर घाम आला होता. थेंब त्यांच्या सदऱ्यावर पडला, तसे ते दचकून मागे सरकले आणि घाईघाईने तो पुसायला लागले.

बारकीने बाबांना आजवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

"अहो," आई म्हणाली. तिचा आवाज कुठून तरी खोलातून येत होता. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी ब्रश चौरंगावर ठेवला आणि खाली बसून दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. आईने बारकीला चौरंगावरून उचललं आणि ताईला दुसऱ्या हाताने उठवलं. आत्याने चौरंग उलटा करून भिंतीशी ठेवून दिला.

चित्रकलेच्या बाई आणि डॉक्टरबाई आल्या, तेव्हा तो तसाच उलटा होता.

सगळं तिथेच सुरळीत झालं, असं मी सांगणार नाही. कितीतरी घरांनी या दोघींच्या तोंडावर दारं लावली. काही मुलींचं शाळेत येणं बंद झालं. मुख्याध्यापकांनी समज दिली, की बाईंनी चित्रकला शिकवावी, गल्ल्या सुधारू नयेत. बाई अजूनही सुट्टीच्या दिवशी हातात पाण्याची वाटी, घडी केलेलं फडकं आणि एक आरसा घेऊन गल्लीत जातात, आणि प्रत्येक दार ठोठावताना त्यांना भीती वाटते. आत्या त्यांच्याबरोबर असते. दार उघडलं की ती आधी आपला उजवा हात पुढे करते. ताईची बोटं हळूहळू हलू लागली आहेत. आत्याचा हात मात्र आता यायचा नाही, असं डॉक्टरबाईंनी तिला खरं खरं सांगून टाकलं.

बारकीच्या घरी आता फडक्याने टोक काढतात. सफेद्याचा डबा कधीच बाहेर गेला, दुसरा पांढरा आला. डोळे बाबाही काढतात. त्यांना जमत नाही, पण काढतात. त्या बाहुल्यांच्या पापण्या जाड असतात, जराशा वाकड्याही. पहिला माल व्यापाऱ्याने परत पाठवला. गिऱ्हाईक घेत नाही म्हणाला, डोळे ओबडधोबड आहेत.

ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही आणि मी. आपल्या पोरीच्या हट्टापायी आपण दुकानात जातो, बाहुली उजेडात धरतो आणि तिच्या पापण्या निरखतो. कधी तिथे जाड डोळ्यांची बाहुली हाताला लागली, तर तिला परत फळीवर ठेवून बारीक पापण्यांची मागू नका.